साईट बसली की धाकटीला फोन

सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्यासाठी लोखंडी खाट, हवेची गादी, चाकांची खुर्ची असं सगळं थोरल्या सुनेनेच धावपळ करून मिळवलं होतं. ते गेल्यावर हे सामान खोली अडवून बसलं. टाकवेना आणि विकायला मन होईना. थोरली छापखान्यात पानं लावायची, त्यामुळे कॉम्प्युटर हाताखालचा. शिकत, चुकत, पुन्हा शिकत तिने एक साईट उभी केली. ज्यांच्याकडे आजारपणाचं सामान पडून आहे त्यांनी फोटो टाकायचा, ज्यांना लागतंय त्यांनी मागायचं. नाव ठेवलं ‘सोबत’. लोक जोडले गेले, काहीजण सामान पोचवायला आपणहून पुढे आले, आणि साईट सगळ्यांची झाली. थोरलीच्या मनात मात्र ती तिचीच होती. मूल शाळेत जायला लागलं म्हणून काय ते शाळेचं होतं?

एकच दुखणं होतं. साईट बसायची. चांगली चालता चालता मटकन बसायची आणि पडद्यावर नुसतं पांढरं पान यायचं. मग थोरली हातातलं काम टाकून ती पुन्हा सुरू करायची. आभार कोणी मानत नसे. पुन्हा बंद का, एवढंच विचारत.

धाकटी जाऊ डोळ्यांच्या दवाखान्यात फोन घ्यायच्या कामावर होती. एकदा साईट बसली तेव्हा तिने सगळ्यांना कळवून टाकलं, ताई बघताहेत, तोवर कुणाला अडलं असेल तर मला फोन करा. झालं. त्या दिवसापासून लोक फोनच करू लागले. धाकटीचा आवाज असा, की समोरच्याला वाटावं ही आपलीच वाट बघत होती. कुणाच्या आईचा पाय कसा आहे, कुणाच्या वडिलांना झोप लागते का, सगळं तिला पाठ. पासवर्ड तिच्याकडेही होता आणि त्यावरून आतली पत्त्यांची यादी उघडायची, त्यामुळे साईट बंद असतानाही कुबड्या इकडून तिकडे पोचू लागल्या.

थोरली आतल्या खोलीत घाम गाळत साईट उठवायची आणि बाहेरच्या खोलीतून धाकटीचं हसणं ऐकू यायचं. साईट तिने उभारली, सासऱ्यांची पाठ तिने पुसली, आणि नाव कुणाचं? आयत्या बिळावर नागोबा, असं ती मनात म्हणायची आणि मग स्वतःचीच लाज वाटून धाकटीसाठी चहा टाकायची. त्यात साखर मात्र विसरायची.

एक दिवस नवरा जेवताना सहज म्हणाला, “धाकटी आहे म्हणून तुमची साईट तरली बरं का.” थोरलीने त्याला भात वाढला तो असा, की निम्मा ताटाबाहेर पडला.

धाकटीचा मामेभाऊ असल्याच कामातला होता. धाकटीच्या सांगण्यावरून त्याने साईट बघितली आणि निरोप पाठवला, की लोक मोठमोठे फोटो टाकतात, पान उघडलं की सगळे एकदम येतात आणि मशीनचा जीव घाबरा होतो. फोटो आपोआप लहान करून थोडे थोडे दाखवले तर दुखणं मिटेल. थोरलीने ते वाचलं. बरोबर आहे हे तिला तिथल्या तिथे कळलं. “बघते,” असं धाकटीला म्हणाली आणि बघितलं नाही. धाकटीच्या हातून आलेलं औषध तिच्या घशाखाली उतरेना.

पुढे स्वयंसेवकांची बैठक झाली. तिथे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी धाकटीला उभं करून सर्वांना तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. घरी आल्यावर थोरलीने साईटचा पासवर्ड बदलला. धाकटीला सांगितलं, सुरक्षेसाठी केलंय, तुला काही लागलं तर मला विचार. धाकटीने तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि मान हलवली.

नंतरच्याच आठवड्यात थोरली दाढ काढायला दाताच्या डॉक्टरकडे गेली. तोंडात बोळे, फोन पिशवीत बंद. नेमकी तेव्हा साईट बसली. एका बसचालकाच्या बायकोचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तिला दवाखान्यातून घरी सोडणार होते, आणि तिच्यासाठी ठरलेली खाट कुणाकडून आणायची तो पत्ता साईटवरच होता. बसचालकाने धाकटीला फोन केला. नव्या पासवर्डाशिवाय धाकटीला पत्ता दिसेना आणि थोरली फोन उचलेना. धाकटी रजा टाकून बसचालकाच्या घरी जाऊन बसली. थोरली सुजलेल्या गालाने घरी पोचली, साईट सुरू झाली, तोवर खाटवाले घराला कुलूप लावून लग्नाला निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी ते परतल्यावर दोघी जावा टेम्पोतून खाट घेऊन गेल्या. खोलीत पाऊल टाकल्यावर थोरली थबकली. शेजाऱ्यांनी मोरीचं दार बिजागरीतून काढून दोन बाकांवर आडवं टाकलं होतं आणि त्यावर सतरंजी घालून बाईला निजवलं होतं. दाराची कडी तिच्या बरगडीपाशी वर आली होती, म्हणून कुणीतरी कडीला टॉवेल गुंडाळला होता. बाई दोघींकडे बघून ओशाळं हसली, जणू तिचाच काही गुन्हा झाला होता.

खाट लावून झाली. बसचालक धाकटीला म्हणाला, “काल तुम्ही होतात म्हणून धीर आला.” मग थोरलीकडे हात करून धाकटीलाच विचारलं, “या तुमच्या मदतीला आल्या का?”

“या माझ्या थोरल्या जाऊबाई,” धाकटी म्हणाली. “साईट त्यांनी काढली.”

“अच्छा,” तो अगदी आदराने म्हणाला. “म्हणजे ती बंद पडते ती?”

परतीच्या वाटेवर टेम्पोत थोरलीनेच तोंड उघडलं. “पासवर्ड मी सुरक्षेसाठी नव्हता बदलला.”

“ठाऊक होतं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली. “तुम्हाला वाटतं जळणं तुम्हालाच येतं? मामंजी शेवटपर्यंत तुमच्या हातूनच पाणी प्यायचे. मी पेला पुढे केला की तोंड फिरवायचे. मग मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे. तुम्हाला वाटायचं, मला कामाचा कंटाळा.”

थोरलीला तेव्हाचा तो भांड्यांचा आवाज आठवला, आणि आपण नवऱ्याला काय काय सांगितलं होतं तेही आठवलं. घरी आल्यावर नवा पासवर्ड एका कागदावर लिहून तिने धाकटीच्या हातात दिला आणि मामेभावाला फोन लावला. त्याने सांगितलं तसं फोटोंचं काम दोघांनी मिळून केलं.

साईट बसायची थांबली. थोरलीला वाटलं होतं, आता फोनही थांबतील. तसं काही झालं नाही. साईट धडधाकट असतानाही लोक धाकटीलाच फोन करत, आणि आता साईटची आठवणसुद्धा कुणी काढत नसे. थोरलीला ते सलायचंच. बाहेर हसणं सुरू झालं की तिचा हात कीबोर्डवर थांबायचा. फरक इतकाच, की आता धाकटीला ते कळतंय हे तिला माहीत होतं, आणि कधीकधी धाकटी फोनवर बोलता बोलताच खुर्ची सरकवून तिला आपल्याजवळ बसायला खुणावायची. थोरली कधी जायची, कधी जायची नाही.

एका दुपारी धाकटी न्हायला गेली असताना तिचा फोन वाजायला लागला. वाजत राहिला. थोरलीने उचलला. पलीकडे एक म्हातारा होता, त्याच्या भावाला वॉकर हवा होता. आवाज वेगळा ऐकून तो अडखळला.

“त्या बाई नाहीत का? मी नंतर करतो.”

“थांबा,” थोरली म्हणाली. “मी त्यांची जाऊ. भाऊ उंचीने केवढे आहेत, सांगता का?”

म्हातारा सांगू लागला. उंची सांगून झाली, तरी तो बोलत राहिला. भाऊ कसा पडला, लहानपणी कसा झाडावर चढायचा. यावर काय म्हणायचं असतं ते थोरलीला सुचेना, म्हणून ती नुसती हं हं करत ऐकत राहिली.