पानिपतची बाई जपानी क्रेनमध्ये

दिल्लीजवळ मानेसरच्या जुन्या यंत्रांच्या यार्डात त्या मंगळवारी एवढी गर्दी लोटली होती की शेजारच्या कारखान्याच्या बसने आपला थांबा मुकाट्याने पुढे सरकवला. जपानहून आलेल्या जुन्या क्रेनला झेंडूची माळ घातली होती. पन्नास टन उचलणाऱ्या तिच्या हुकाला लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या, एवढं हलकं काम त्या हुकाला जन्मात मिळालं नसेल. केबिनच्या काचांवर साडीचा पडदा होता आणि पडद्याआड इंजिनबाबा बसले होते.

"बोल माउली," आतून बाबांचा आवाज आला. "काय पाहिजे तुला?"

इंजिन बंद होतं. दोघांनी बॉनेटला कान लावून तशी खात्री करून घेतली होती. तरीही क्रेनच्या पोटातून एका बाईचा शांत, गोड, जरासा नाकातला आवाज आला.

"बाक्कु शिमासु. गोचुई कुदासाइ."

त्याच क्षणी क्रेनच्या मागच्या अंगाला पांढराशुभ्र प्रकाश पडला. सगळ्या यार्डाने हात जोडले. मालक दीनानाथ सरांनी तर चष्मा काढून डोळे पुसले.

"ऐकलंत?" बाबा पडद्याआडून म्हणाले. "बकरू मागतेय. बकराचं मांस. आणि पुढे काय म्हणाली? गोची कुडीस, आई. म्हणजे आई गं, माझ्या कुडीची गोची झालीय. जुनी मराठी आहे साहेब, पेशव्यांच्या काळची. आजकालच्या पोरांना नाही कळायची."

आजकालच्या पोरांपैकी एक मागे उभी होती. श्रावस्ती मेश्राम, मेकॅनिकल इंजिनिअर, मूळची नागपूरची. परदेशातली वापरलेली यंत्रं तपासून पसंत करणं हे तिचं काम. ही क्रेनही तिनेच व्हिडिओ कॉलवर पास केली होती, फक्त त्या वेळी ऑफिसात फार गोंगाट असल्यामुळे कॉलचा आवाज बंद होता. नोकरीत ती अजून कायम झाली नव्हती. ही क्रेन गिऱ्हाइकाच्या साइटवर नीट पोचली की पत्र मिळेल, असं ठरलं होतं.

आणि क्रेन काही यार्डातून हलेना. खरं तर ती उत्तम हलत होती. पण पहिल्याच दिवशी मागे येताना ती बोलली. तिच्या मागे उभा असलेला फोरमन सतबीर भक्तीने थिजून जागीच हात जोडून राहिला, आणि क्रेनचं चाक त्याच्या पायावरून गेलं. पायाचं हाड मोडलं. त्या दिवसापासून एकही ऑपरेटर केबिनमध्ये चढायला तयार होईना, आणि दीनानाथ सरांनी पहाडगंजच्या एका हॉटेलच्या गच्चीवर राहणाऱ्या इंजिनबाबांना बोलावलं. बाबा पूर्वी जुन्या ट्रकांची दलाली करायचे. आता आत्म्यांची करतात, त्यात टायर बदलून द्यावे लागत नाहीत.

बाबांनी क्रेनचा इतिहास सांगितला तो असा. ही बाई पानिपतच्या लढाईत आपल्या माणसांपासून चुकली. घरी जायला निघाली, पण दक्षिणेऐवजी पूर्वेला वळली आणि जपानात पोचली. तिथे अडीचशे वर्षं तिच्याशी मराठीत बोलायला कुणी नव्हतं. शेवटी ती क्रेनमध्ये शिरली आणि कंटेनरशिवाय, जहाजाच्या उघड्या डेकवरून, स्वदेशी परतली. पानिपत मानेसरहून गाडीने दोन-अडीच तासांवर असल्यामुळे ही गोष्ट सगळ्यांना अगदी घरातली वाटली.

"सर, आवाज जपानी असेल," श्रावस्तीने सांगून पाहिलं. "क्रेन जपानची आहे."

दीनानाथ सरांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "श्रावस्ती, मी सदाशिव पेठेत वाढलोय. मराठी कळते मला."

वर बाबांनी आणखी एक पाचर मारली. बाईचा कोप जिने तिला न विचारता पसंत केलं त्या मुलीवर आहे, असं निघालं. तिचा हात यापुढे कुठल्याही मशीनला लागता कामा नये. शनिवारी बकरू द्यायचं आणि सोमवारपासून मुलीला यायला नको सांगायचं. म्हणजे एकाच आठवड्यात दोघींचा निकाल लागणार होता. त्यांतली एक गेटपाशी बांधलेली होती आणि झेंडूच्या माळेचं खालचं टोक शांतपणे खात होती.

त्या संध्याकाळी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये श्रावस्तीने हे सगळं वडिलांना, सुखदेव मेश्रामांना सांगितलं. ते भाजी निवडत होते. केंद्र सरकारच्या नोकरीमुळे सात राज्यांतले शेजारी पाहून झालेला हा माणूस सहसा कशाने चकित होत नसे.

"वरच्या मजल्यावरच्या मणिपुरी बाई राहायला आल्या तेव्हा रोज मला काहीतरी म्हणायच्या," ते म्हणाले. "मी महिनाभर नमस्कार करून थँक्यू म्हणत होतो. त्या सांगत होत्या, तुमचा नळ गळतोय."

"मग?"

"मग काय, छत पडलं खालच्यांचं. तू त्यांना समजावू नकोस, बेटा. ज्याची भाषा आहे त्यालाच तिथे उभा कर."

शेजारच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मोरिता-सान नावाचे जपानी तपासनीस होते. यार्डातल्या घंटानादाबद्दल ते आधीच दोनदा अत्यंत नम्रपणे तक्रार करून गेले होते. श्रावस्तीने त्यांना शनिवारच्या पूजेचं आमंत्रण दिलं, पण कशाची पूजा ते सांगितलं नाही. मोरिता-सान मिठाईचा डबा घेऊन आले.

शनिवारी गर्दी दुप्पट होती. सतबीर प्लास्टरमधला पाय पुढे करून खुर्चीवर बसला होता. बकरीला हळद-कुंकू लावून क्रेनच्या मागे आणलं. श्रावस्तीला मशीनपासून लांब राहायचा हुकूम होता, म्हणून ती बकरीशेजारी उभी राहिली. तिथून क्रेनचा मागचा दिवा समोर दिसत होता.

"माउली," पडद्याआडून बाबा गरजले, "बकरू आणलंय. घेणार ना?"

पांढरा दिवा लागला. बाई बोलली.

"बाक्कु शिमासु. गोचुई कुदासाइ."

साऱ्या यार्डाचे हात जोडले गेले. फक्त एक माणूस चटकन बाजूला झाला. मोरिता-साननी एका हाताने श्रावस्तीला आणि दुसऱ्या हाताने बकरीला ओढलं, आणि सुरक्षित जागी पोचल्यावर दोघींची माफी मागितली.

दीनानाथ सरांना हा अपमान वाटला. "आप हटे क्यों?"

मोरिता-सान गोंधळले. एवढी माणसं मागे येणाऱ्या क्रेनच्या वाटेत का उभी आहेत, हे त्यांना कळत नव्हतं. "गाडी पीछे आती है," ते सावकाश म्हणाले. "वह बोलती है, मैं पीछे आती हूँ, कृपया ध्यान दीजिए. जापान में सब बड़ी गाड़ी बोलती है."

जोडलेले हात एकेक करून सुटले. दीनानाथ सर हळू आवाजात श्रावस्तीला म्हणाले, "यांना विचार, पानिपतचं काही बोलली का?"

"सर," श्रावस्ती म्हणाली, "पडदा तुम्हीच उघडा."

त्यांनी उघडला. बाबांच्या एका हातात रुद्राक्षाची माळ होती. दुसरा हात गिअरच्या दांड्यावर होता आणि दांडा रिव्हर्समध्ये होता.

"इंजिन बंद आहे, पण चावी एक खाच फिरवलेली आहे," श्रावस्तीने सांगितलं. "चावी तेवढी फिरली की दिवे आणि स्पीकर चालतात. दांडा मागच्या गिअरला टाकला की मागचा पांढरा दिवा लागतो आणि ही रेकॉर्ड केलेली सूचना वाजते. काढून बघा."

सरांनी दांडा काढला. दिवा विझला, बाई गप्प. त्यांनी दांडा परत टाकला आणि बाईने परत बकरू मागितलं. सरांनी काढला, टाकला, काढला, टाकला. पानिपतहून आलेली बाई त्यांच्या मनगटाच्या तालावर बोलत राहिली. शेवटी सरांनी चावी काढून खिशात ठेवली आणि बाबांकडे पाहिलं.

"आज बाई मुलीवर प्रसन्न झालेली दिसते," बाबा म्हणाले, आणि खाली उतरून, हात जोडून मागे सरत सरत गेटपर्यंत पोचले, तेही कुठलीही सूचना न देता. गेटवरचा वॉचमन त्यांच्याखाली आला.

गर्दीत आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग बरेच जण हसले. सतबीर मात्र हसला नाही. तो प्लास्टरकडे बघत होता.

"मतलब मॅडम," त्याने विचारलं, "वो मुझे हटने को बोल रही थी?"

"हो, सतबीरभाई."

"और मैं हाथ जोड़ के खड़ा था."

दीनानाथ सरांनी मान खाली घातली. सोमवारी क्रेन साइटवर गेली, केबिनमध्ये ऑपरेटरशेजारी श्रावस्ती बसली होती. कायम झाल्याचं पत्र तिला तिथेच मिळालं, पेढ्याबरोबर.

तिने जाण्याआधी एक काम करून घेतलं होतं. क्रेनच्या पाठीवर सतबीरने स्वतःच्या हाताने पिवळ्या रंगात हिंदीत आणि, श्रावस्तीने सांगितलं तसं, मराठीत लिहिलं: "जे कळत नाही त्याला हात जोडू नका. अर्थ विचारा. तोवर बाजूला व्हा."

बकरी अजून यार्डातच असते. तिला काही लिहून दाखवावं लागलं नाही. दोरी सोडल्यापासून, कुठल्याही यंत्राचा आवाज आला की ती आधी बाजूला होते.