निळसर डाग

"सूनबाई, किती वाजले?"

सासऱ्यांचा हा प्रश्न दिवसभर चालू असे. पिठाचे हात झटकून मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. मनगटावर घड्याळ बांधलेला माणूस मला वेळ विचारत होता.

"काटे दिसत नाहीत गं. डोळे गेले माझे."

मोतीबिंदू काढून झालेला. डॉक्टर म्हणाले, नजर छान आहे. पण बाबांचा विश्वास घड्याळावर. काटे दिसेनात म्हणून आधी वर्तमानपत्र सुटलं, मग जिना उतरणं. उरली खुर्ची आणि मी. देवापुढे बसले तरी हाक यायचीच. डोळे मिटूनच अंदाजे वेळ सांगायची मी. देव समजून घेत असावा.

एकदा आंघोळीआधी त्यांनी घड्याळ माझ्याकडे दिलं आणि मी सहज बघितलं, तर मलाही काटे धड दिसेनात. काचेवर निळसर डाग, पाण्यावर तेल पसरावं तसे.

दुरुस्तीवाल्याने डोळ्याला भिंग लावलं. "काचेला ओरखडा नाही, ताई. वरचा थर खरवडलाय. उजेडाने काच चमकू नये म्हणून देतात तो. काय घासलं?"

माझ्या लक्षात आलं. जुन्या घड्याळाची प्लास्टिकची काच बाबा दर रविवारी टूथपेस्टने घासायचे. त्यांच्या मुलाने नवं घड्याळ आणलं, रविवार तोच राहिला.

"टूथपेस्ट."

"दात तरी चमकले असते!" तो हसला. "नवी काच यायला महिना लागेल. नाहीतर उरलेला थरही काढतो. स्वच्छ दिसेल, पण चमकेल. हात तिरपा करून बघावं लागेल."

अजून महिनाभर तीच हाक? "काढून टाका."

घरी आल्यावर घड्याळ बाबांच्या मनगटाला बांधलं. त्यांनी हात खिडकीकडे नेला, मागे घेतला, तिरपा केला.

"सव्वाचार," ते हळूच म्हणाले. मग पुन्हा, मोठ्याने.

"डोळे ठीक आहेत बाबा. तुम्ही काच घासलीत, तिच्यावरचा थर गेला होता."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे? विचारायचात ती फक्त वेळ."

ते खुर्चीतून उठले. "चपला कुठेत माझ्या?"

कठडा धरत ते जिना उतरले. मी टूथपेस्ट वरच्या फळीवर सरकवली आणि त्यांच्या खुर्चीत टेकले. पाठ लागते न लागते तोच खालून हाक आली, "सूनबाई, चहाची वेळ टळून गेली!"

"हो बाबा," म्हटलं, आणि तशीच बसून राहिले.