नंबरावरचा विंचू

बहीण रुपाबाईचा फोन लागेनासा झाला, तेव्हा हेमलानं मेडशीजवळच्या तांड्यातून पुण्याला सुनेला व्हिडिओ कॉल लावला. नवीन, त्याचा पोरगा, असल्या कामाला वैतागायचा. सून उज्ज्वला मात्र न चिडता सांगायची.

"मामाजी, तुमची स्क्रीन मले दिसून राह्यली. आता नावं उघडा अन् आत्याबाईचं नाव येईस्तोवर खाली सरकवा."

हेमला अक्षरं उतारवयात शिकलेला. वाचायला वेळ लागायचा, म्हणून मालेगावच्या मोबाइलवाल्याकडून त्यानं प्रत्येक नावावर चित्र लावून घेतलं होतं. नवीनवर ट्रॅक्टर, किराणावाल्यावर तराजू. बोट सरकत गेलं आणि थबकलं. उज्ज्वलाच्या नावावर विंचू होता, शेताच्या धुऱ्यावरच्या दगडाखाली सापडलेल्या, नांगी वर केलेल्या विंचवाचा त्यानंच काढलेला फोटो.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं पाहुण्यांसमोर त्याला उलटून उत्तर दिलं होतं. त्या रागात लावून घेतलेला तो विंचू. हेमलानं चटकन काचेवर तळहात ठेवला.

"हात कायले ठेवला? नावं उड्या मारून राह्यली. झाकलं तरी मले इकडं दिसतेच."

हेमलाची कानशिलं तापली. आत्याबाईचा नंबर त्याच्या बोटानं चुकून ब्लॉक झाला होता, तो तिनं पुढं त्याच्याकडून सुरू करून घेतला, एक शब्द वाकडा न बोलता. तेच त्याला जास्त लागलं. बोलली असती तर रागावता तरी आलं असतं.

विंचू काढायचा कसा, ते त्याला येत नव्हतं. विचारायचं तर तिलाच.

"सूनबाई, ते चित्र काढाचं हाये."

"कोनतं?"

"तुह्या नावावरचं. इच्चवाचं. चुकलं माहं."

ती म्हणाली, "माहा एखांदा फोटो निवडा."

त्यानं फोटो उघडले. बैल, सोयाबीन, विहिरीवरची मोटर, नवीन, पुन्हा नवीन. तिचा एकही नव्हता. तीही पाहतच होती.

"राहू द्या. मीच पाठवतो."

फोटो आला. डोक्यावर पदर नव्हता. सुनेच्या तोंडाकडे निरखून पाहायची तांड्यात रीत नाही; व्हिडिओ कॉलवरही तो नजर बाजूला ठेवूनच बोलायचा. हेमलानं मान खाली घातली.

"आता बोटानं ओढून चौकटीत बसवा."

सुनेच्या तोंडावर बोट ठेवायचं? त्यानं उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळून काचेवर फिरवलं. फोटो हलेना.

"काय करून राह्यले, मामाजी?"

"उपरन्यानं ओढतो."

ती खळखळून हसली. "कपड्यानं फोन चालत असते का? इच्चवाचा फोटो काढाले भेले नाही, अन् मले भेता?"

हेमलाला हसू आलं नाही. त्यानं उपरणं सोडलं, बोट धोतराला पुसलं आणि तसंच खाली पाहत ओढलं. फोटो तिरपा बसला, कपाळ अर्धं कापलं गेलं.

"वर पाहून ओढा," ती आता हळू बोलली.

मान वर करायला हेमलाला बराच वेळ लागला.