गवताच्या पुस्तकाची कोरी बहीण

मी एक डमी बोलतेय. दचकू नका, मी पुस्तकच आहे, फक्त आतून कोरी. अभ्यासपूर्ण, जाडजूड पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात माझा जन्म झाला. खरं पुस्तक बांधण्याआधी तेवढ्याच कागदाचं एक कोरं पुस्तक बांधून बघतात, पुस्तकाची पाठ किती जाड येईल ते कळावं म्हणून. ती मी. माप घेतलं की आमचं काम संपलं. माझ्या कितीतरी बहिणी खिडकीला अडण म्हणून लागल्या.

मला बांधलं बांधणी खात्यातल्या ताईनं. तिचं बाळ सात महिन्यांचं. हाताला गोंद आणि मान वाकडी करून खांद्यावर धरलेला फोन. "आई, ताप बघितला का? परत एकदा बघा ना." पलीकडून सासूबाई म्हणायच्या, "अगं, आत्ता तर बघितला!" जीव असा टांगलेला, तरी माझी पाठ तिनं नीट चिकटवली आणि पुरा एक दिवस मला दाबाखाली ठेवलं. ते उपकार मी विसरणार नाही.

मी ज्या पुस्तकाची डमी, ते होतं गवतावरचं. लिहिणाऱ्या बाईंनी त्यात बावीस वर्षं घातली होती. अर्पण केलं होतं आईला. त्या आजी नव्वदीच्या, आणि दोन दिवसांनी मुलाकडे लांबच्या गावी कायमच्या राहायला जाणार. जाण्याआधी पुस्तक त्यांच्या हातात पडावं, म्हणून प्रकाशन समारंभाची घाई.

समारंभाच्या दिवशी सकाळी ताईनं पहिलं पुस्तक उघडलं आणि पानं सुटून तिच्या मांडीवर आली. दुसरं उघडलं, तेच. तिसरंही तेच.

"दादा, माझीच चूक," ती खातेप्रमुखांना म्हणाली. "काल बाळाचा ताप वाढला. पुस्तकं दाबातून लवकर काढली नि घरी पळाले. मला कामावरून काढा हवं तर."

"काढायचं नंतर बघू. आधी ते वरचं वेष्टन दे." दादांनी ते मला चढवलं. "आज फोटोपुरती हीच."

"आणि कुणी उघडलं तर?"

"प्रमुख पाहुणे कधी पुस्तक उघडतात का?"

खरंच, पाहुण्यांनी मला छातीशी धरून अर्धा तास माझ्या आतल्या मजकुराचं कौतुक केलं. मलाच लाजल्यासारखं झालं.

पण पहिल्या रांगेतून आजी म्हणाल्या, "बघू गं, माझ्यासाठी काय लिहिलंयस ते!"

बाई मला घेऊन खाली आल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मला उघडलं. पांढरं. पुढचं पान, तेही पांढरं. त्यांनी मान वर केली. दारात ताई उभी होती, दोन्ही हात ओढणीत गुंडाळून, रडवेली. बाई तिच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग माझ्या कोऱ्या पानावर बोट ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "आईला. जिनं शाळेच्या वाटेवरचं गवत मला ओळखायला शिकवलं."

आजींनी डोळे बारीक केले. "अक्षर फार लहान आहे गं. मला तर काहीच दिसत नाही."

"हो आई. फारच लहान आहे."

नंतर दादांनी घडलं ते कबूल केलं, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "एक तरी नीट बांधलंय ना? ते जिनं बांधलं, तिलाच बाकीची बांधू द्या."

ताईनं पुस्तकं पुन्हा चिकटवली, पूर्ण वेळ दाबली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली प्रत स्वतः बाईंच्या घरी नेली. आजींनी भिंग लावलं. "आता कसं मोठं केलंय अक्षर! मग परवा काय झालं होतं?"

"परवा नाही हो, कालच," असं म्हणता म्हणता ताईला रडूच फुटलं. तिनं सगळं सांगून टाकलं.

आजींनी भिंग खाली ठेवलं. मग विचारलं, "बाळ कसंय आता?"

"उतरला ताप."

"बरं झालं. आणि ते कोरं कुठाय? मला दे. तिकडचं गवत ठेवीन त्यात."

आता मी त्या लांबच्या गावी आजींच्या उशाशी असते. माझ्या पानापानांत एकेक पातं आहे, खाली आजींच्या थरथरत्या अक्षरात त्याचं नाव. मी फुगलेय खूप, पण पाठ सुटलेली नाही.

तुम्हाला एकच विनंती. नवं पुस्तक एकदम मधूनच फाकवू नका. थोडी पानं इकडून, थोडी तिकडून, हळूहळू मोकळं करा. कुणीतरी घरचा घोर मनात घेऊन ते बांधलेलं असतं.