साऱ्या लाइनीचं विरजण

साखर कारखान्याच्या लाइनीत, म्हणजे कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांत, पहिली चूल पेटली ती झुंबरबाईची. हे ती कुणाला विसरू देत नसे. तेव्हा सभोवार नुसत्या बाभळी होत्या. मग साखर शिजवणारा पॅनमन बिहारातून आला, गवंडी तेलंगणातून, फिटर चाँदभाई नगरहून. प्रत्येकाची बोली निराळी, पण ताटातलं दही एकच, कारण विरजण झुंबरबाईचं. लग्नात आईनं दिलेलं ते विरजण तिनं कधी मोडू दिलं नव्हतं. साऱ्या लाइनीचा इतिहास आपल्या गाडग्यात आहे असं ती म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

एक घर मात्र तिनं वगळलं होतं. बॉयलरवरचा रंभाजी आणि त्याची बायको भामाबाई हे बौद्ध. भामा नवी असताना वाटी घेऊन आली, तर झुंबरबाईनं दिवा लागल्याचं कारण सांगितलं. दिवेलागणीनंतर विरजण देऊ नये ही जुनी रीत खरी, पण ऊन तेव्हा धुराड्यावर लख्ख होतं. भामानं एकदा उन्हाकडे पाहिलं, रिकामी वाटी पदराखाली घेतली आणि पुन्हा कधी आली नाही.

बहात्तरला पावसानं दडी मारली. ऊस वाळला, भोंगा मुका झाला, परमुलखातली माणसं बोचकी बांधून निघाली. झुंबरबाईच्या म्हशीचं दूध आटलं, तिचं गाडगं कोरडं पडलं, मागं राहिलेल्या घरांतलीही. आईची शेवटची खूण गेली म्हणून ती लहान पोरीसारखी रडली. पॅनमनची बायको रामरती निरोप घ्यायला आली, तेव्हा सहज बोलून गेली की आपण ते विरजण भामाला कधीच दिलं होतं, आणि भामानं ते शेळीच्या दुधावर अजून जगवलंय.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण झुंबरबाईच्या ओठांवर आली; पण इथं गाढव कोण, हे तिला नीट कळत होतं. बरेच दिवस तिचं मन धजेना.

अखेर एका संध्याकाळी ती वाटी घेऊन निघाली. भामाच्या दारावरून पुढं गेली, नळापर्यंत जाऊन परतली, पुन्हा गेली. तेवढ्यात दिवस बुडाला. लाइनीत एकेक दिवा लागला. आता मागायची सोयच उरली नाही, म्हणून ती घराकडे वळली.

“काकू, या की आत,” भामा दारातून म्हणाली.

आत अंधार होता. पुसलेला कंदील उंबऱ्याशी, शेजारी काडेपेटी. रॉकेल संपलं का, असं झुंबरबाईनं विचारलं.

“हाय की,” भामा म्हणाली. “मघाशी तुमच्या हातात वाटी दिसली. दिवा लागल्यावर तुमच्यात विरजण देत-घेत न्हाईत. म्हून लावला न्हाई.”

तिनं चाचपडत गाडगं काढलं आणि वाटीत दही घातलं. झुंबरबाईचे डोळे भरून आले. तिनं वाटी पदराखाली घेतली.

“त्या दिवशी ऊन हुतं, भामा.”

“व्हय, हुतं,” भामा म्हणाली, आणि मग तिनं कंदील लावला.