चुंबकाने न धरलेला तुकडा

चुंबक बोटाएवढा लांब होता आणि त्याला एकवीस तुकडे चिकटले होते. बुर्गीने ते चिमट्याने एकेक सोडवून वर्तमानपत्रावर मांडले: काटेरी तारेचे चार, खिळे दोन, बाटलीचं पत्र्याचं बूच एक, आणि उरलेल्या चौदा स्कीच्या पोलादी कडेच्या चिपा. गाई गवताबरोबर लोखंड गिळतात, म्हणून इथले शेतकरी त्यांच्या पोटात असा चुंबक कायमचा सोडून देतात. तो लोखंड धरून बसतो आणि गाय जगते. बुर्गीच्या ग्राऊली गाईच्या चुंबकाने आपलं काम चोख केलं होतं.

तिला मारलं ते बाविसाव्या तुकड्याने. तो ॲल्युमिनियमचा होता, आणि ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. पेयाच्या डब्याचा एक त्रिकोण, गवत कापायच्या यंत्रात चिरलेला, एक कड सुरीसारखी. त्यावर लाल टोपी घातलेल्या मार्मोटचं, डोंगरातल्या त्या गुबगुबीत खारीचं, अर्धं तोंड छापलेलं होतं. ते डोंगरावर पाळणे चालवणाऱ्या लिफ्ट कंपनीचं चित्र. घसरगाड्यांच्या शर्यतीला कंपनी असे डबे फुकट वाटते.

शनिवारी बुर्गीने तो तुकडा रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात घातला आणि लिफ्टच्या पाळण्यात बसली. जमीनवाल्यांचा दिवस होता. ज्यांच्या कुरणांवरून गावापर्यंतची स्कीची वाट उतरते, त्यांना मार्चमध्ये कंपनी वर नेऊन जेवू घालते. जेवण झालं की डायरेक्टर प्रत्येकाशी हात मिळवतो. कागद नाही, सही नाही. हात दिला की पुढचा हिवाळा दिला. नवरा, योस, गेल्यापासून पाच वर्षं बुर्गीने हात दिला होता. पाचही वेळा ती नाही म्हणायचं ठरवून गेली होती, आणि पाचही वेळा घरी येऊन तिने तो हात साबणाने धुतला होता.

समोर कास्सिअन बसला होता, शाळेपासूनचा शेजारी.

"काय गं, सुतकी चेहरा करून कुठे निघालीस? फुकटचं जेवण आहे."

"ग्राऊली गेली."

"ऐकलं मी. वाईट झालं. चांगली दुभती होती." त्याने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "गेपहार्टशी आज भांडू नकोस मात्र. डायरेक्टर असला तरी दीर आहे तुझा."

"मी कधी भांडले?"

"तेच ना. तू भांडत नाहीस, नुसती बघतेस. त्यापेक्षा दोन शिव्या दे बाई, माणसाला जेवण तरी जाईल."

पाळण्याखालून वाट सरकत होती. दोन्ही बाजूंना तपकिरी उतार, मध्ये यंत्राने फवारलेल्या बर्फाचा पट्टा, जखमेवरच्या मळक्या पट्टीसारखा. एक माणूस मौजेखातर तारेला लटकून किंचाळत दरीपलीकडे गेला. घसरगाडीच्या वळणावर चौघे उलटून पडले होते आणि पडल्यापडल्याच पीत होते. देवदाराखाली एकजण पाठ करून उभा होता. त्याच्या पायाशी बर्फ पिवळा झाला होता. त्याने मान वळवून पाळण्याला हात हलवला.

"बघ, किती प्रेमळ पाहुणे," कास्सिअन म्हणाला.

वरच्या झोपडीबाहेर, म्हणजे कंपनीच्या खानावळीबाहेर, सकाळी अकराला ढोल वाजत होते. जड बूट घातलेली माणसं टेबलांवर चढून नाचत होती. पायरीपाशी कुणी ओकलं होतं. नोकराणीने त्यावर फावडंभर बर्फ टाकला, थापला, आणि त्याच हाताने थाळ्या उचलल्या. बुर्गीने मोजलं: झोपडीच्या दारापासून टेबलापर्यंत सत्तावीस पावलं, सिगारेटची थोटकं त्रेचाळीस. बर्फ वितळला की ही सगळी खाली येणार होती. सगळ्यात खालचं कुरण तिचं होतं.

सूप आलं. डुकराच्या मांसाचा गोळा, वर चरबीचे गोल थेंब. तिने चमचा बुडवला आणि तसाच ठेवला. मागच्या मार्चमध्ये याच बाकावर बसून तिने ते चाटूनपुसून खाल्लं होतं. तो डबा तेव्हा तिच्या कुरणात बर्फाखाली पडलेला असणार.

"खात का नाहीस?" कास्सिअनने विचारलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, तुझ्या जमिनीच्या तुकड्याशिवाय वाट गावात पोचत नाही. लोक वरूनच पाळण्यात बसून थेट गाडीतळावर उतरतील आणि परत जातील. माझं दुकान, बेकरी, तुझ्या स्वतःच्या भाड्याच्या दोन खोल्या. कोण राहील तिथे?"

"आठ गाई राहतील," ती म्हणाली.

कास्सिअनने पाव मोडला. त्याच्या चार गाई त्याने केव्हाच विकल्या होत्या.

ढोल थांबले. गेपहार्ट टेबलाच्या एका टोकापासून हात मिळवत निघाला. छातीवर लाल टोपीचा मार्मोट, हातात दारूची बाटली. प्रत्येकाच्या पाठीवर थाप, एक विनोद, एक पेला. कास्सिअनने उठून हात दिला आणि बुर्गीकडे न बघता खाली बसला.

"आणि आमची बुर्गी!" गेपहार्टने हात पुढे केला. "सूप गार केलंस की. योस असता तर दोन वाडगी मागितली असती."

तिने रुमाल उघडला आणि तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला, धारेची बाजू वर.

"हे काय? आपला डबा?"

"सांभाळ, कापेल. ग्राऊलीच्या हृदयाजवळून काढलाय."

त्याने बोटं मिटली नाहीत. टेबलावरची माणसं वळून बघू लागली. "अगं, मग भरपाई देऊ ना," तो हळू म्हणाला. "इथे सगळ्यांसमोर कशाला? खाली जाऊन बोलू. दे हात."

बुर्गीने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"खाली नाही, इथेच सांगते. माझं कुरण पुढच्या हिवाळ्यात मिळणार नाही, गेपहार्ट. त्याच्या पुढच्याही नाही."