हाताच्या अंतरावर

होय, मी बंदूक आहे. जुनी, एका नळीची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रडगाणं गाणार नाही आणि कुणाची माफीही मागणार नाही. सत्तर वर्षं माझ्या माथी एक दोष मारलेला आहे. तो माझा नाही. एवढं एकदा तोंड वर करून सांगायचं होतं, म्हणून आज बोलते आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराच्या अलीकडच्या रानात, रांता नावाच्या फिनिश शेतकऱ्याच्या घरी मी आले. माझी रचना साधी. खटका दाबला की नळी खाली झुकते, काडतूस आत सरकवायचं, नळी वर बसवायची. घोडा अंगठ्याने मागे ओढला की मी तयार. घरातला धाकटा मुलगा आयनो तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि त्याचे हात आखूड होते. म्हणून त्याच्या वडिलांनी माझा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता करवतीने तीन बोटं कापून टाकला. मला वाईट वाटलं नाही. मोठ्यांच्या बंदुका ढिगाने होत्या. मी एकटीच मुलांच्या मापाची झाले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात वडील आयनोला रानात घेऊन गेले. काटेरी तारेच्या कुंपणापाशी म्हणाले, "तू इथे थांब, मी पुढे हरणाचा माग बघून येतो." आणि गेले. पोरगं बर्फात किती वेळ उभं राहणार? पाय गारठले, कंटाळा आला. त्याने मला तारेखालून पलीकडे सरकवलं. काडतूस आत, घोडा चढवलेला. मग स्वतः कुंपण ओलांडलं आणि मला नळीला धरून आपल्याकडे ओढलं. चाप तारेत अडकला.

आयनोचा डावा पाय घोट्यापासून गेला. वडिलांनी साऱ्या गावाला सांगितलं, "बंदुकीनं घात केला."

मी? मी घोडा चढवला नव्हता. मी कुणाला बर्फात एकटं सोडून गेले नव्हते. पण बंदुकीला कोण विचारतो! सगळं खापर माझ्यावर फोडून मला साऊनामागच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरामागच्या, लाकडाच्या खोपटात टाकलं. सतरा वर्षं तिथे पडून होते. नळीवर गंज चढला, माझा खांद्याचा पट्टा उंदरांनी कुरतडून खाल्ला. कधीकधी आयनो लाकडं न्यायला यायचा, लाकडी पायाचा ठक ठक आवाज करत. माझ्याकडे बघायचा आणि निघून जायचा. ते मला गंजापेक्षा जास्त लागायचं.

मग सरकारने मुलांना शिकारीचे नियम शिकवायला गावोगाव शिक्षक शोधले. इतर मंडळींनी हात झटकले. आयनो एका सकाळी जवसाचं तेल आणि चिंध्या घेऊन खोपटात आला, माझ्याशेजारी ओंडक्यावर बसला आणि दिवसभर मला घासत राहिला. तेव्हापासून मी शाळेत आहे असंच समजा.

अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये चार शनिवार वर्ग भरतो. आयनो मला टेबलावर उघडून ठेवतो, नळी रिकामी, सगळ्यांना आरपार दिसेल अशी. मग पँटचा पाय वर करून आपला नकली पाय काढतो आणि माझ्या शेजारी उभा करून ठेवतो. मुलांचे डोळे बशीएवढे होतात.

"आजोबा, दुखतं?" कुणीतरी विचारतंच.

"पाय नाही दुखत. बोटं खाजतात. जी नाहीत ती."

मुलं हसतात. मग तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "हा पाय हिनं नेला." दरवर्षी हे वाक्य. दरवर्षी माझा जीव जळायचा. मान मिळत होता, तेलपाणी होत होतं, पण आरोपीच्या पिंजऱ्यातून सुटका नव्हती.

परवाच्या वर्षी वर्गात आयली आली. आयनोच्या पुतण्याची, डेलची मुलगी. अकरा वर्षांची, दोन दातांत फट, आणि प्रश्नांना खंड नाही. आयनोने नेहमीचं वाक्य टाकलं तशी तिने हात वर केला.

"आयनो आजोबा, तुमचे बाबा कुठे होते तेव्हा?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आयनोने नकली पायाच्या बुटाची नाडी उगाच सोडली आणि परत बांधली.

"पुढे गेले होते," तो म्हणाला. "माग बघायला."

"मग सगळे हिचं नाव का घेतात?"

त्या पोरीवर माझा जीव जडला तो त्या क्षणी. फळ्याकडे वळून आयनोने आपल्याकडचा नियम मोठ्या अक्षरांत लिहिला. बारा वर्षांच्या आतलं मूल शिकारीला गेलं, तर सोबतचा मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा. "हात लांब केला की मुलाच्या खांद्याला लागला पाहिजे," तो म्हणाला. "ओरडून ऐकू येतं, डोळ्यांना दिसतं, असलं काही चालायचं नाही. हात. कळलं?"

आयलीने परीक्षा दिली, पास झाली. आयनोने मला तिच्या हवाली केलं. आता तिची एकच इच्छा होती, रांतांच्या कॅम्पवर जागा मिळावी. रानातली ती ओंडक्यांची झोपडी, लांब बाक, नोव्हेंबरातले नऊ दिवस. तिथे कोण येणार हे डेलचा थोरला भाऊ रूडी ठरवायचा. त्याने मला बघून नाक मुरडलं.

"हे खेळणं घेऊन येणार? डेल, माझा कॅम्प म्हणजे पाळणाघर नव्हे हं."

"एक वर्ष येऊ दे, रूडी."

"एक वर्ष. पण कुरकुर चालणार नाही. केलीस पोरी, तर पुढल्या वर्षी आईबरोबर घरी पाव भाजत बसायचं."

"माझ्यापेक्षा बाबा बरा भाजतो," आयली म्हणाली. डेल हसला, रूडी हसला नाही.

पहिल्या शनिवारी उजाडता उजाडता आम्ही देवदारांच्या दलदलीच्या काठाला बसलो. डेल आणि आयली एकाच ओंडक्यावर, अंगात भडक नारिंगी बंड्या, मी तिच्या मांडीवर. डेलचा खांदा तिला लागत होता. तासभर फक्त खारी दिसल्या. मग रूडी मागून बर्फ तुडवत आला.

"मोठा नर आत शिरलाय. बारा टोकांची शिंगं! त्याला दुसऱ्या बाजूनं हुसकायला माणूस कमी पडतोय. चल."

डेलने आयलीकडे बघितलं. "दहा मिनिटं, बाळा. इथेच बस. हलू नकोस."

"बाबा, हाताच्या अंतरावर."

"माझा हात लांब आहे असं समज."

"एवढा नाही."

"अगं, तुझ्या वयाचे असताना आम्ही दिवस दिवस एकटे बसायचो," रूडी म्हणाला. "उगाच फाटे फोडू नकोस. पुढल्या वर्षी यायचंय ना?"

डेल उठला. दोघे झाडांत दिसेनासे झाले. आयलीचा चेहरा लाल झाला होता, आणि तो थंडीने नव्हे. तिने खटका दाबला, मला उघडलं, काडतूस काढलं आणि बंडीच्या खिशात घालून चेन वर ओढली. मला उघडीच मांडीवर ठेवलं.

तो नर आला. खरोखर बारा टोकं. वीस पावलांवर थांबला आणि मान वळवून आमच्याकडे बघत राहिला. त्याच्या नाकातून वाफ निघत होती. आता खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मला उडायचं होतं! मी बंदूक आहे, भिंतीवरचं घड्याळ नव्हे. आयलीचा हात खिशापाशी गेला. तिचा श्वास मला दस्त्यावर जाणवत होता.

आणि हे मी मुद्दाम सांगते. त्या नराच्या मागे कुणी माणूस नव्हता. मागे मातीचा उंच बांध होता, गोळी त्यात रुतली असती. नेम धरला असता तर नर पडला असता, सगळ्यांनी पाठ थोपटली असती आणि बाकावरची जागा जन्मभराची झाली असती. काहीही वाईट घडलं नसतं. तरी तिने हात खिशावरून काढला आणि गुडघ्याखाली दाबून धरला. नर सावकाश चालत निघून गेला. मग ती रडली, रागाने, तोंडातल्या तोंडात बापाला काय काय म्हणत.

डेल दहा मिनिटांनी नाही, पाऊण तासाने आला.

दुपारी कॅम्पवर सगळे जमले. आयनो चुलीपाशी हरणाच्या मांसाचा रस्सा ढवळत होता. रूडीने बाकावर पत्रा कापायची कात्री आपटली. ह्या कॅम्पची रीत अशी, की ज्याचं हरीण हातून गेलं त्याच्या शर्टाचा मागचा पल्ला कापायचा, त्यावर नाव, साल आणि किती अंतराने चुकला ते लिहायचं आणि भिंतीला ठोकायचा. भिंत असल्या चिंध्यांनी भरलेली होती.

"दुर्बिणीतून बघितलं मी," रूडी म्हणाला. "वीस पावलांवर नर, आणि बाईसाहेब मांडीवर हात ठेवून बसल्यात! शर्ट बाहेर काढ, पोरी."

"मी चुकले नाही."

"हरीण गेलं ना?"

"माझी बंदूक उघडी होती. बाबा माझ्याजवळ नव्हता."

"घरातल्या घरात कसला आलाय नियम? इथे कोण फौजदार बसलाय?" रूडीचा आवाज चढला. "आम्ही सगळे असेच वाढलो. काय झालं आम्हाला?"

चुलीपाशी पळी थांबली. आयनो वळला. तो दोन पावलं पुढे आला. ठक. ठक. रूडीने मान खाली घातली.

"शर्ट कापायचाच असेल," आयली उभी राहून म्हणाली, "तर बाबाचा कापा. पुढल्या वर्षी मला नाही बोलावलंत तरी चालेल."

डेल उठला, पाठ फिरवली आणि लोकरीच्या शर्टाचा पल्ला पँटमधून ओढून बाहेर काढला. रूडी कात्रीला हात लावेना. तेव्हा आयलीनेच ती उचलली आणि दोन्ही हातांनी दाबत वाकडातिकडा, चांगला वीतभर तुकडा कापला. आयनोने तो टेबलावर पसरला आणि पेन्सिल घेतली.

"डेल रांता," त्याने लिहिलं. साल लिहिलं. मग चष्म्यावरून वर बघितलं. "किती अंतराने चुकलास?"

डेलने मुलीकडे बघितलं.

"तीनशे पावलं," तो म्हणाला.

आयनोने तसंच लिहिलं. उरलेले आठ दिवस डेल ओंडक्यावरून हलला नाही. एकही हरीण आलं नाही. पुढल्या वर्षी रूडीने आयलीला बोलावलं, पण हसून नव्हे. वर्गात आयनो आता म्हणतो, "हा पाय आम्ही घालवला." त्या "आम्ही"त तो आहे, त्याचे वडील आहेत, माझं नाव नाही. मला तेवढं पुरतं.

मित्रांनो, मला तेल लावा, कोरडी ठेवा, कुलुपात ठेवा, हे तर आलंच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या हाती मला देऊन एखादा मोठा माणूस उठून जायला लागला, तर मला उघडा, काडतूस काढून घ्या आणि त्याला तोंडावर सांगा, "परत ये. नाहीतर ही अशीच राहील." तो हसेल, चिडेल, तुम्हाला भित्रं म्हणेल. म्हणू दे. उघडी बंदूक मांडीवर घेऊन बसा. मला त्याची लाज वाटत नाही.